पालकसभेला आलेला बाप

माणिकपूर, वसई
९ जून २०२५

प्रिय दीपेश,

कॉलेजचं पाकीट बघून घाबरू नकोस. फी मागायला लिहीत नाही, ओरडायलाही नाही. मी संपदा खानविलकर. दुसऱ्या वर्षाला तुम्हाला थर्मोडायनॅमिक्स शिकवत होते. तू वर्गात येत होतास तोपर्यंत तुलाही.

यंदा आमच्या प्राचार्यांनी 'विद्यार्थी समाधान समिती'चं घोंगडं माझ्या गळ्यात टाकलंय. इंजिनीअरिंगची मुलं आमच्यावर खूश का नाहीत ते शोधायचं आणि त्यांना खूश करायचं, एवढं सोपं काम! आत्तापर्यंत आम्ही कँटीनला रंग दिला, वायफाय वाढवलं, लायब्ररीत गुबगुबीत खुर्च्या आणल्या आणि मग मुलांकडून फॉर्म भरून घेतले. फॉर्म कुणाला मिळतो, तर ज्याची हजेरी पुरी आहे त्याला. शेवटपर्यंत जेवला त्यालाच विचारायचं, जेवण कसं झालं. अर्ध्या ताटावरून उठून गेला त्याला कोण विचारतो? म्हणून मी ठरवलं, जी मुलं मधेच सोडून गेली त्यांनाच लिहायचं. फोन लावून पाहिले, पण कॉलेजचं नाव ऐकलं की मुलं कट करतात. तुझा आमच्याकडचा नंबर तर बंदच आहे.

तिसरं सेमिस्टर तू अर्ध्यात सोडलंस, परीक्षेला बसला नाहीस. का, एवढं सांगशील? वर्कशॉपमध्ये तुझा हात किती छान चालायचा ते मी पाहिलंय, म्हणून जास्त वाईट वाटतं. ऑक्टोबरच्या पालकसभेला तुझे वडीलही आले होते. फार हळवे गृहस्थ. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना माझा नमस्कार सांग.

जे मनात असेल ते लिही. आमच्यावर राग असेल तर तोही लिही.

तुझी,
संपदा खानविलकर

---

राजावली, वसई पूर्व
१४ जून २०२५

संपदाबाईंना काळूराम भोईर याचा नमस्कार.

मी दीपेशचा बाप. पत्र त्याच्या नावाचं होतं, पन वर कॉलेजचा शिक्का बघितला आनि फोडलं. पोराचा निकाल असंल म्हनून हाताला दम निघाला नाय. माफी असावी.

बाई, तुमच्या आफिसात कायतरी घोळ झालाय. आमचा दीपेश रोज कॉलेजला जातो. सकाळी आई डबा देते, तो स्टेशनला जातो, संध्याकाळी दमून घरी येतो. आता सगळ्यांना सुट्टी हाय तरी हा जातो, प्रोजेक्टचं काम हाय म्हनतो. कपड्याला ऑइल लागलेलं असतं. आई धुते आनि बडबडते, मी म्हनतो अगं मशीनचं शिकतो तो, त्याच्या कपड्याला काय अत्तर लागनार? दुसऱ्या वर्षाला पास झाला असं त्यानंच सांगितलं. निकाल मोबाईलमधे असतो, आपन काय बघनार. गावात दुसरा कोनी दीपेश भोईर तुमच्याकडं असंल तर त्याच्या घरी पत्र पाठवा, बिचाऱ्याचे आईबाप काळजीत असतील.

दुसरी गोष्ट. मी तुमच्या पालकसभेला आलो नवतो. मला बोलावनंच नवतं. आलो असतो तर रडलो नसतो, एवढं नक्की! आमच्या घरात रडायचं खातं बायकोकडं हाय.

फोन केला असता, पन फोनवर मला धड बोलता येत नाय. घाई होते, मग तोंडातून शिव्या जातात. लिवताना हात हळू चालतो, मानूस बरा वाटतो. सातवीपर्यंत मास्तरांनी मारून मारून अक्षर वळवलंय.

संध्याकाळी पोरगा आला की पत्र त्याला दाखवतो. तो पन हसंल.

आपला,
काळूराम भोईर

---

माणिकपूर
१८ जून २०२५

भोईरकाका,

तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतच बसून राहिले. दीपेशला माझं पत्र दाखवलंत का? दाखवलं नसेल तर कृपा करून दाखवू नका. आधी मला भेटा. राजावलीला मीच येते, तुम्ही फक्त हो म्हणा.

काका, घोळ झालेला नाही. राजावलीचा दीपेश काळूराम भोईर एकच आहे आणि तो ऑक्टोबरनंतर कॉलेजात आलेला नाही. पाससुद्धा झालेला नाही. हे मी तुम्हाला पत्रात असं सांगायला नको होतं. पण तुम्ही अंधारात आणि मला माहीत, हे त्याहून वाईट. मला वाटलं होतं घरी सगळं ठाऊक असेल, कारण त्याचे वडील सभेला आले होते ना! आता तुम्ही म्हणता, तुम्ही आलाच नव्हतात.

मग तो माणूस कोण? साधारण पन्नाशीचा, काटकुळा, कानाजवळ केस पिकलेले. स्वच्छ पांढरा शर्ट घातला होता, पण नवा, घडीच्या खुणा दिसत होत्या. सभेनंतर मी बोलत होते, तो खाली मान घालून ऐकत होता, आणि शेवटी खरंच रडला. मला जराही शंका आली नाही.

आज त्याच्यावर ओरडू नका. आधी आपण दोघं नीट माहिती काढू.

तुमची,
संपदा

---

राजावली
२३ जून २०२५

बाई,

तुमचं पत्र उशिरा आलं. मी दाखवलं होतं.

तो जेवाया बसला होता. मी पत्र ताटाजवळ ठेवलं, म्हटलं बघ रे तुझ्या बाईंनी काय गंमत केलीय. त्यानं वाचलं. हसला नाय. भात तसाच ठेवला, हात धुतला, म्हनाला, मी सांगतो नंतर. मी म्हटलं, नंतर कशाला, आत्ता सांग. तो ताट उचलून मोरीत गेला. मला तेवाच कळलं, आनि माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोललो. फोनवर बोलतो तसं समोर बोललो. सकाळी आईनं डबा दिला, त्यानं घेतला आनि गेला. त्यानंतर आला नाय. फोन बंद. तलासरीच्या मावशीकडं नाय, कोपरच्या मित्राकडं नाय. पोलिसात मिसिंग लिवून आलो. ते म्हनाले, वीस वर्षाचा हाय, स्वताहून गेलाय, येईल.

पुतळा, म्हनजे त्याची आई, काय बोलत नाय. रोज सकाळी सवयीनं दोन भाकऱ्या जास्त थापते आनि मग बघत बसते.

कॉलेज सोडलं याचं दुःख हाय, नाय असं नाय. पन बाई, ते मी गिळीन. अडानी खानदान हाय आमचं, एक पोरगा शिकला नाय तर आभाळ कोसळत नाय. मला लागलंय ते दुसरंच. माझ्या पोरानं दुसरा बाप आनला. भाड्यानं आनला का उसना, देवाला ठाऊक. मी एवढा वाईट दिसतो काय? मला इंग्रजी येत नाय, पायाला मिठागराच्या भेगा हायत, पन लग्नाकार्यात मी पन पांढरा शर्ट घालतो. मी पन खाली मान घालून ऐकलं असतं.

तुमच्याकडं एकच मागनं. तो मानूस कोन होता ते शोधा. आनि पोराला मी का नको होतो, ते इचारा.

काळूराम

---

माणिकपूर
४ जुलै २०२५

भोईरकाका,

तो माणूस सापडला. गेले कितीतरी दिवस मी रस्त्यात, बसमध्ये, रिक्षात प्रत्येक माणसाचा चेहरा बघत होते, लोकांना वाटलं असेल बाईंचं डोकं फिरलंय. परवा माणिकपूरच्या स्टँडवर मी रिक्षात बसले आणि आरशात तेच डोळे दिसले. त्याने मला ओळखलं आणि रिक्षा सुरूच करेना. म्हणाला, "मॅडम, पोलिसात देणार काय?"

त्याचं नाव कॉन्रॅड. माणूस सरळ आहे. दीपेश रोज सकाळी त्याच्या शेअर रिक्षात बसायचा. कॉलेजला नाही, पाचूबंदरला. काका, तुमचा मुलगा रोज जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करायला जात होता. तिथल्या एका मेकॅनिकच्या हाताखाली. आता पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा इंजिनं खोलून कामं चालतात. तुम्हाला तो प्रोजेक्ट म्हणायचा तो हाच. कपड्यांवरचं ऑइल खरं होतं. कॉन्रॅड म्हणाला, "पोरगा सांगायचा, अंकल, कॉलेजमध्ये मला दीड वर्ष इंजिनाचं चित्र दाखवलं, इथे पहिल्या दिवशी पाना हातात दिला." मी शिक्षिका आहे, हे ऐकून मान वर करता आली नाही. समाधान वाढवायला आम्ही कँटीन रंगवत बसलो होतो.

आता तुमचा खरा प्रश्न. मी कॉन्रॅडला तोच विचारला, की तुम्हाला का नेलं, स्वतःच्या वडिलांना का नाही? त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुमचं आहे.

आमच्या कॉलेजात पालकसभेला एक पद्धत होती. ज्यांची हजेरी कमी त्यांची नावं हॉलमध्ये वाचायची. नाव घेतलं की मुलाने नाही, पालकाने उभं राहायचं. सगळ्यांसमोर. मग हजेरी किती, विषय किती राहिले, ते माईकवर वाचायचं. कुणी ठरवलं माहीत नाही, पण पालकांना लाज वाटली की ते मुलांना वर्गात पाठवतील असा हिशेब. पहिल्या वर्षी दीपेश स्वयंसेवक म्हणून पाण्याच्या बाटल्या वाटायला हॉलमध्ये होता. त्याने एका मुलाच्या आईला उभं राहिलेलं पाहिलं. तिच्या हातात भाजीची पिशवी होती, ती कुठे ठेवावी ते तिला कळेना. पुढच्या वर्षी त्याचंच नाव यादीत आलं, तेव्हा तो कॉन्रॅडकडे गेला. म्हणाला, "अंकल, माझा बाप मिठागरात वाकतो, शेतात वाकतो, पण माणसापुढे आजवर वाकलेला नाही. त्याला त्या हॉलमध्ये उभा केलेला मला बघवणार नाही. तुम्ही उभे राहाल काय?" आणि कॉन्रॅड राहिला. शर्ट दीपेशनेच आणला होता. रडलात का, असं मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, उभं राहिल्यावर कळलं. पोरगा माझा नव्हता, तरी लाजेने मेलो."

काका, तुम्ही त्याला नको होतात असं नाही. तुमच्यासाठीच त्याने हे केलं.

ती पद्धत मी बंद करवली आहे. प्राचार्यांशी भांडले. आता पालक आले की माझ्या खोलीत खुर्चीवर बसतात, चहा घेतात, मग बोलणं होतं. अजून एक करून घेतलंय: दीपेशला पुन्हा दुसऱ्या वर्षाला घ्यायला ते तयार आहेत, आणि प्रत्यक्ष इंजिनावरचं काम हजेरीत धरायलाही. पण त्याने स्वतः येऊन सही करायला हवी. ३१ जुलै शेवटची तारीख. त्यानंतर विद्यापीठ नाव काढून टाकतं, मग माझ्या हातात काही उरत नाही.

पत्र मिळाल्यापासून तो पाचूबंदरला नाही, तिथूनही हलला. कुठे आहे ते कॉन्रॅडला माहीत आहे, पण दीपेशने शपथ घातलीय म्हणून सांगत नाही. निरोप मात्र पोचवतो म्हणाला.

संपदा

---

राजावली
१० जुलै २०२५

बाई,

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा पुतळाला वाचून दाखवलं. ती आज बोलली. म्हनाली, "एवढा तुझ्यावर जीव टाकतो आनि तू त्याला भडवा म्हनालास." खरं हाय. म्हनालो होतो.

मी उभा राहिलो असतो, बाई. एकदा काय, वर्षभर उभा राहिलो असतो. माईकवर माझ्या पोराचे विषय वाचले असते तर मी म्हटलं असतं, वाचा, अजून मोठ्यानं वाचा, पोरगा माझा हाय, पास झाला तरी माझा आनि नापास झाला तरी माझा. लाज कसली? पोराच्या पायी बापाला उभं राहावं लागतं, त्यात नवीन काय? पन येडं पोर. बापाला काचेचं भांडं समजलं.

आनि इंजिनाचं काम करतो तर करू दे की! मला सांगितलं असतं तर मी डबा घेऊन त्याच्यासोबत जेटीवर गेलो असतो. वाईट याचं वाटतं की घरात एवढी साधी गोष्ट बोलता आली नाय. मीच कधी बोलाया दिलं नाय. पोरगा इंजिनेर होनार, इंजिनेर होनार, सगळ्या गावाला सांगून बसलो होतो.

कॉन्रॅडभाऊला माझा नमस्कार सांगा. त्यानं माझ्या जागी उभं राहून माझी बोलनी खाल्ली, त्याचे उपकार कसे फेडू. त्याला सांगा, दीपेशला निरोप दे. बाप रागावलेला नाय. ३१ तारखेला कॉलेजात ये. मी पन येनार.

मी त्या दिवशी गेटवरच उभा राहनार हाय. भाताची लावनी अर्धी राहिली तरी चालंल. त्याला बघू दे की त्याचा बाप त्या कॉलेजाच्या दारात ताठ उभा राहू शकतो आनि त्यानं बापाचं काय तुटत नाय. त्याच्या मनातली भीती मला काढायची हाय.

काळूराम

---

माणिकपूर
२५ जुलै २०२५

भोईरकाका,

चांगली बातमी. काल कॉन्रॅड स्वतःहून कॉलेजात आला. दीपेशने निरोप दोनदा सांगायला लावला, म्हणे. मग विचारलं, "बाबा खरंच रागावलेले नाहीत?" कॉन्रॅडने येशूची शपथ घेतली तेव्हा म्हणाला, येतो. ३१ तारखेला कॉन्रॅडच त्याला रिक्षाने घेऊन येणार आहे.

तुम्ही नक्की या. पण गेटवर उभे राहू नका हो. पाऊस आहे, आणि त्या दिवशी प्रवेशाची गर्दी असते. माझ्या खोलीत तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय. निवांत बसा, चहा घ्या, तो सरळ तुमच्यापाशीच येईल. पुतळाबाईंनाही आणा.

मला खूप दिवसांनी बरं वाटतंय.

संपदा

---

माणिकपूर
२ ऑगस्ट २०२५

भोईरकाका,

काय लिहू तेच कळत नाही. वेळ संपल्यावरही मी ऑफिस उघडं ठेवायला लावलं होतं. क्लार्क घड्याळ दाखवत राहिला, मी त्याच्याकडे पाठ करून बसले. दीपेश आला नाही.

तुम्ही मात्र दिवसभर गेटवर. मी किती वेळा शिपायाला पाठवलं, शेवटी स्वतः आले, तरी तुम्ही आपले, "तो येईपर्यंत इथंच बरा हाय." शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. खरं सांगू, मला दीपेशचा राग आला. एवढं सगळं झाल्यावर, शब्द दिल्यावर, असं बापाला तिष्ठत ठेवायचं? कॉन्रॅडही फोन उचलत नाही.

काल समाधानाचा अहवाल आला. आमची टक्केवारी वाढली म्हणून प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. दीपेशचं नाव काढून टाकलंय, त्यामुळे असमाधानी मुलांत त्याची गणतीच नाही. पेढा मी ड्रॉवरमध्ये ठेवला, खाववला नाही.

तुम्ही तब्येतीला जपा. मी प्रयत्न सोडणार नाही, पण यंदाचं वर्ष गेलं, हे मात्र खरं.

संपदा

---

राजावली
९ ऑगस्ट २०२५

बाई,

पोरावर राग धरू नका. तो आला होता.

परवा कॉन्रॅडभाऊ घरी आले. लाजेनं फोन उचलत नवते म्हनाले. ओट्यावर बसले, चहा घेतला नाय. म्हनाले, सांगितल्याशिवाय झोप येत नाय. त्या दिवशी दुपारी ते दीपेशला घेऊन निघाले होते. त्यानं नवा शर्ट घातला होता, कागद पिशवीत नीट घेतले होते. रस्त्यात चांगला बोलत होता. आईला काय आवडतं, जाताना काय घेऊन जाऊ, असं इचारत होता. कॉलेजच्या वळनावर रिक्षा आली आनि त्याला गेट दिसलं. गेटवर मी उभा. भिजलेला. आजूबाजूनं पोरं, आईबाप आत जातायत, आनि मी एकटाच कडेला उभा.

तो कॉन्रॅडभाऊंना म्हनाला, "अंकल, बघा. आजपन उभंच केलं त्यांना."

कॉन्रॅडभाऊंनी खूप समजावलं. आता तसं नाय रे, खुर्च्या ठेवल्यात, बाईंनी सगळं बदललंय. तो आयकेना. तोंड झाकून रडत होता म्हनाले. नुसता "वळवा, वळवा" करत राहिला. स्टेशनला उतरला आनि गर्दीत गेला. आता तो कुठं हाय ते कॉन्रॅडभाऊंना पन माहीत नाय.

पुतळाला मी काय सांगितलं नाय. ती इचारते, गाडी चुकली असंल काय त्याची? मी हो म्हनतो.

तुम्ही आत बसा म्हनालात. शिपाई बोलवाया आला. तुम्ही स्वता आलात. मी हट्टानं बसलो नाय. मला वाटलं मी त्याच्यासाठी उभा हाय. बसलो असतो तर तो आत आला असता, बाई.

तुमच्याकडं एवढी पोरं येतात, जातात. कधी कुठं रस्त्यात, स्टेशनवर, जेटीवर तुम्हाला दीपेश दिसला, तर कॉलेजचं काय बोलू नका. त्याला एवढंच सांगा, बापाला कोनी उभं केलं नवतं. तो आपनहून उभा होता.

काळूराम भोईर